बीटीएस : सात तरुणांचा बँड आणि त्यांच्या तारुण्याचा हिशेब

‘बीटीएस’ हा दक्षिण कोरियातील सात तरुण गायक-नर्तकांचा समूह होय. १३ जून २०१३ रोजी या समूहाने पहिल्यांदा रंगमंचावर पाऊल ठेवले. ‘बांगतान सोन्यॉनदान’ हे त्याचे मूळ कोरियन नाव. बंदुकीच्या गोळीला दाद न देणारे बालवीर, असा त्याचा अर्थ. समाज तरुणांवर टीकेच्या आणि अपेक्षांच्या ज्या गोळ्या झाडत असतो, त्या झेलणारे हे पथक, अशी या नावामागची कल्पना सांगितली जाते. एका लहानशा, आर्थिकदृष्ट्या डळमळीत कंपनीने उभा केलेला हा समूह पुढे दहा वर्षांच्या आत अमेरिकेच्या लोकप्रियता-यादीत अग्रस्थानी पोहोचला, संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर बोलला आणि आपल्या देशाच्या सैनिकी कायद्यात दुरुस्ती होण्यास निमित्त ठरला.

समूहातील सर्वांत ज्येष्ठ जिन (किम सोकजिन) याचा जन्म १९९२ चा, तर सर्वांत धाकटा जंगकूक १९९७ चा. शुगा (मिन युनगी), जे-होप (जंग होसोक), आरएम (किम नामजून), जिमिन (पार्क जिमिन) आणि व्ही (किम तेह्योंग) हे उरलेले पाच. आरएम हा समूहाचा नेता. सातांपैकी एकही जण मूळ सोल शहराच्या झगमगाटात वाढलेला नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. शुगा आणि व्ही देगूचे, जिमिन आणि जंगकूक बुसान बंदराचे, जे-होप ग्वांगजूचा, तर आरएम आणि जिन राजधानीलगतच्या उपनगरांत वाढलेले. प्रत्येक गोष्ट सोलमध्येच घडते असे मानणाऱ्या देशात या प्रांतिक मुळांचा उल्लेख त्यांनी आपल्या गाण्यांतून अभिमानाने केला.

प्रशिक्षणार्थींची व्यवस्था

बीटीएसचा उदय समजून घ्यायचा, तर कोरियन मनोरंजन व्यवसायाची घडण आधी पाहावी लागते. १९९२ मध्ये ‘सो ताईजी अँड बॉइज’ या त्रिकुटाने अमेरिकन रॅप आणि कोरियन गीत यांचा मेळ घातला आणि तेथील लोकप्रिय संगीताची दिशा पालटली. १९९६ मध्ये एसएम एंटरटेनमेंट या कंपनीने ‘एच.ओ.टी.’ हा पाच मुलांचा समूह बाजारात आणला. तेथून ‘आयडॉल’ घडविण्याची एक ठराविक पद्धत रूढ झाली. शाळकरी वयातील मुले चाचणीतून निवडायची, त्यांना काही वर्षे गायन, नृत्य, परदेशी भाषा आणि कॅमेऱ्यासमोरचे वागणे शिकवायचे, कंपनीच्या वसतिगृहात ठेवायचे आणि मग त्यांतील मोजक्यांना एकत्र गुंफून समूह म्हणून पुढे आणायचे. शिक्षणाचा, निवासाचा आणि पदार्पणाचा खर्च कंपनी करते आणि पुढच्या उत्पन्नातून तो वळता करून घेते. बहुसंख्य प्रशिक्षणार्थींवर पदार्पणाचा दिवस कधीच उगवत नाही.

या व्यवस्थेची दुसरी बाजू २००९ मध्ये न्यायालयात उघडी पडली. ‘टीव्हीएक्सक्यू’ या त्या काळच्या अत्यंत लोकप्रिय समूहातील तिघांनी एसएम कंपनीशी झालेल्या तेरा वर्षांच्या कराराला आव्हान दिले. त्याच वर्षी कोरियाच्या न्याय्य व्यापार आयोगाने कलावंतांसाठी नमुना करार प्रसिद्ध केला आणि त्यात मुदतीची मर्यादा सात वर्षांपर्यंत आणली. परिणामी बहुतेक समूहांच्या आयुष्यात सातवे वर्ष निर्णायक ठरू लागले. करार संपतो, कोणी बाहेर पडतो, समूह विस्कटतो. कोरियात याला ‘सात वर्षांचा शाप’ असेच म्हटले जाते.

लहान कंपनी, लहान खोली

संगीतकार बांग शी-ह्योक यांनी जेवायपी कंपनीतून बाहेर पडून २००५ मध्ये ‘बिग हिट एंटरटेनमेंट’ स्थापन केली. एसएम, वायजी आणि जेवायपी या तीन बड्या कंपन्यांपुढे तिची गणती नगण्य होती. २०१० मध्ये आरएमचे रॅप ऐकून बांग यांनी त्याच्याभोवती एक हिपहॉप गट बांधायचे ठरविले. शुगा चाचणीतून आला, जे-होप ग्वांगजूच्या रस्त्यांवरील नृत्यस्पर्धांतून. पुढे योजना बदलली आणि नृत्य-गायन करणारा ‘आयडॉल’ समूह उभा राहिला. जिनला तो विद्यापीठात अभिनय शिकत असताना रस्त्यात पाहून बोलावणे आले. जिमिन बुसानच्या कलाशाळेतून आला. व्ही मित्राला सोबत म्हणून चाचणीच्या ठिकाणी गेला आणि स्वतःच निवडला गेला. जंगकूक दाखल झाला तेव्हा तो अजून शाळकरी मुलगा होता.

सातही जण एकाच खोलीत, एकावर एक रचलेल्या पलंगांवर झोपत असत. मोठ्या कंपन्यांच्या समूहांना दूरचित्रवाणीवर सहज मिळणारी वेळ त्यांच्या वाट्याला येत नसे. ही उणीव त्यांनी वेगळ्या मार्गाने भरून काढली. पदार्पणाच्या आधीपासूनच ते ब्लॉग, ट्विटर आणि यूट्यूबवर स्वतःच्या नोंदी, सरावाची दृश्ये आणि घरगुती चित्रफिती टाकत होते. कंपनीने या लेखनावर कडक पहारा ठेवला नाही. दूरचित्रवाणीचे दार बंद असल्यामुळे धरलेली ही वाट पुढे त्यांना कोरियाच्या सीमेपलीकडे घेऊन गेली; कारण दूरचित्रवाणीच्या लहरी देशापुरत्या असतात, यूट्यूबला तसे कुंपण नसते.

शाळा, तारुण्य आणि स्वतःचे मन

पहिल्या तीन संचांचा विषय शाळा हाच होता. परीक्षांच्या चरकात पिळल्या जाणाऱ्या कोरियन विद्यार्थ्याला स्वतःचे स्वप्न तरी आहे का, असा प्रश्न पहिल्याच ‘नो मोअर ड्रीम’ या गाण्यात होता. विद्यार्थ्यांवरील अभ्यासाचा ताण आणि खासगी शिकवण्यांचा बोजा हा तेथील सार्वजनिक चर्चेतील जुना विषय. त्यामुळे या गाण्यांतील तक्रार श्रोत्यांना ओळखीची वाटली, तरी यश लगेच आले नाही. समीक्षकांपैकी काहींना हिपहॉप आणि रंगभूषा केलेली ‘आयडॉल’ मुले यांची सांगड कृत्रिम वाटे, तर हिपहॉपच्या वर्तुळात आरएम आणि शुगा यांच्यावर धंद्यासाठी कला विकल्याचा आरोप होई.

२०१५ मध्ये ‘आयुष्यातील सर्वांत सुंदर क्षण’ या अर्थाच्या शीर्षकाची मालिका सुरू झाली आणि चित्र पालटले. त्यातील ‘आय नीड यू’ या गाण्याने त्यांना त्या वर्षी मे महिन्यात कोरियन दूरचित्रवाणीच्या संगीत कार्यक्रमात पहिला विजय मिळवून दिला. २०१६ मधील ‘विंग्ज’ या अल्बमची कल्पना हर्मन हेसे यांच्या ‘डेमियान’ या कादंबरीवरून घेतलेली होती. फेब्रुवारी २०१७ मधील ‘स्प्रिंग डे’ हे गाणे विरहाचे आहे. एप्रिल २०१४ मध्ये ‘सेवॉल’ ही प्रवासी बोट बुडून ३०४ जणांचा अंत झाला आणि त्यांतील बहुतांश शाळेच्या सहलीला निघालेले विद्यार्थी होते. अनेक कोरियन श्रोत्यांनी ‘स्प्रिंग डे’मध्ये त्या मुलांसाठीचा शोक ऐकला. हे गाणे कोरियातील याद्यांवर वर्षानुवर्षे टिकून राहिले.

गीतलेखन आणि संगीतरचना यांत सदस्यांचा, विशेषतः आरएम, शुगा आणि जे-होप यांचा, प्रत्यक्ष सहभाग असे. कंपनीने लिहून दिलेले गाणारी मुले, ही प्रतिमा त्यामुळे त्यांना चिकटली नाही. अर्थात, या लेखनाची जबाबदारीही त्यांच्यावर आली. २०१६ मध्ये काही जुन्या गीतांतील स्त्रीविषयक उल्लेखांवर टीका झाली आणि कंपनीने जाहीर दिलगिरी व्यक्त केली. २०१८ मध्ये जिमिनने पूर्वी घातलेल्या, अणुस्फोटाचे छायाचित्र असलेल्या सदऱ्यावरून जपानमध्ये वादंग माजले, एका वाहिनीने त्यांचा कार्यक्रम ऐनवेळी रद्द केला आणि कंपनीला पुन्हा माफी मागावी लागली. वसाहतकाळाच्या आठवणींनी कोरिया आणि जपान यांच्यातील संबंध किती नाजूक आहेत, याचा तो प्रत्यय होता.

चाहत्यांची ‘आर्मी’

समूहाच्या चाहत्यांना ‘आर्मी’ असे नाव २०१३ च्या जुलैमध्येच देण्यात आले. बीटीएसच्या यशात या चाहत्यांचा वाटा केवळ टाळ्या वाजविण्यापुरता नाही. कोरियन मुलाखती आणि गीतांचे अनुवाद काही तासांत जगातील अनेक भाषांत पोहोचविणारे स्वयंसेवक, अमेरिकन रेडिओ केंद्रांकडे गाणी लावण्याचा पाठपुरावा करणारे गट, देणग्या गोळा करणारी मंडळे अशी एक स्वयंसिद्ध यंत्रणा त्यांनी उभी केली. मे २०१७ मध्ये बिलबोर्ड पुरस्कारांत बीटीएसला ‘टॉप सोशल आर्टिस्ट’ हा सन्मान मिळाला. तोपर्यंत तो सलग सहा वर्षे जस्टिन बीबर या गायकाकडे जात होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये समूहाने युनिसेफसोबत बालकांवरील हिंसेविरुद्ध ‘लव्ह मायसेल्फ’ ही मोहीम सुरू केली. जून २०२० मध्ये अमेरिकेतील वर्णद्वेषविरोधी चळवळीला समूहाने आणि कंपनीने दहा लाख डॉलर दिले, तेव्हा चाहत्यांनी सुमारे एका दिवसात तेवढीच रक्कम स्वतंत्रपणे उभी केली.

भारतात कोरियन संगीताची पायवाट मुंबई-दिल्लीतून नव्हे, तर ईशान्येतून पडली. २००० मध्ये मणिपूरमधील एका बंडखोर संघटनेने हिंदी चित्रपटांवर बंदी घातली आणि त्या पोकळीत ‘आरिरांग’ वाहिनीवरील कोरियन मालिका व गाणी शिरली. पुढे स्मार्टफोन आणि स्वस्त इंटरनेटने हे वेड देशभर नेले. बीटीएसच्या पालक कंपनीने २०२५ मध्ये मुंबईत आपली भारतीय शाखा सुरू केली, यावरून या बाजारपेठेचे वजन लक्षात येते.

अग्रस्थान

मे २०१८ मध्ये आलेला ‘लव्ह युवरसेल्फ : टियर’ हा बिलबोर्डच्या २०० अल्बमांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचणारा पहिला कोरियन अल्बम ठरला. पुढच्या वर्षभराच्या आत आणखी दोन अल्बमांनी हेच स्थान गाठले. इतक्या कमी अवधीत अशी कामगिरी करणारा समूह म्हणून थेट बीटल्सशी त्यांची तुलना झाली. २४ सप्टेंबर २०१८ रोजी न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावरून आरएमने तरुणांना उद्देशून भाषण केले. आपले नाव, आपला आवाज आणि आपल्या चुका यांसह स्वतःचा स्वीकार करावा, हा त्याचा आशय होता. ऑक्टोबरमध्ये कोरियन सरकारने त्यांना सांस्कृतिक गुणवत्तेचा सन्मान दिला. जून २०१९ मध्ये लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर त्यांचे सलग दोन कार्यक्रम झाले.

या झगमगाटाखाली काय चालले होते, हे डिसेंबर २०१८ मध्ये हाँगकाँग येथील पुरस्कार सोहळ्यात बाहेर आले. त्या वर्षाच्या सुरुवातीला आपण समूह मोडण्याचा विचार करीत होतो, असे जिनने व्यासपीठावरून सांगितले, तेव्हा त्याच्यासह इतरांनाही अश्रू आवरले नाहीत. प्रत्यक्षात त्याच ऑक्टोबरमध्ये, पहिला करार संपण्यास बराच अवधी असताना, सातही जणांनी आणखी सात वर्षांच्या करारावर सह्या केल्या होत्या. ‘सात वर्षांचा शाप’ त्यांनी मुदतीपूर्वीच मोडीत काढला.

२०२० च्या महासाथीत जागतिक दौरा रद्द झाला. त्या बंद दिवसांत, ऑगस्टमध्ये, आलेले ‘डायनामाइट’ हे त्यांचे पहिले संपूर्ण इंग्रजी गाणे. ते बिलबोर्डच्या ‘हॉट १००’ या गीतांच्या यादीत पहिले आले. डिसेंबरमध्ये ‘लाइफ गोज ऑन’ हे मुख्यतः कोरियन भाषेतील गाणे त्याच स्थानी थेट दाखल झाले. असे यापूर्वी कधी घडले नव्हते. २०२१ मध्ये ‘बटर’ दहा आठवडे अग्रस्थानी राहिले आणि नोव्हेंबरमध्ये अमेरिकन म्युझिक अवॉर्ड्समध्ये त्यांची वर्षातील सर्वश्रेष्ठ कलावंत म्हणून निवड झाली. ग्रॅमी पुरस्कारांसाठी २०२१ ते २०२३ अशी सलग तीन वर्षे नामांकने मिळाली. पुरस्कार मात्र हुलकावणी देत राहिला. मे २०२२ च्या अखेरीस अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांनी त्यांना आशियाई वंशाच्या नागरिकांवरील द्वेषमूलक हल्ल्यांच्या प्रश्नावर चर्चेसाठी व्हाइट हाउसमध्ये बोलावले.

सातांवर उभे राहिलेले अर्थकारण

ह्युंदाई संशोधन संस्थेने २०१८ मध्ये केलेल्या अंदाजानुसार बीटीएसमुळे कोरियन अर्थव्यवस्थेला दरवर्षी चार लाख कोटी वॉनहून अधिक लाभ होत होता आणि २०१७ मध्ये देशात आलेल्या दर तेरा विदेशी पर्यटकांपैकी एक या समूहामुळे आला होता. ऑक्टोबर २०२० मध्ये बिग हिट कंपनीचे समभाग शेअर बाजारात आले. तत्पूर्वी बांग यांनी सातही सदस्यांना प्रत्येकी ६८,३८५ समभाग दिले. २०२१ मध्ये कंपनीने ‘हाइब’ हे नाव धारण केले. एकेकाळी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर असलेली ही कंपनी तीन बड्यांना मागे टाकून गेली.

मात्र एका समूहावर एवढा मोठा डोलारा उभा राहणे धोक्याचे होते. १४ जून २०२२ रोजी, पदार्पणाच्या नवव्या वर्धापनाच्या निमित्ताने प्रसारित झालेल्या जेवणाच्या गप्पांच्या चित्रफितीत सदस्यांनी समूहाच्या कामाला थोडा विराम देऊन एकल कामांकडे वळण्याचा विचार सांगितला. ‘आयडॉल’ व्यवस्था माणसाला परिपक्व होण्यास उसंतच देत नाही, सतत काही ना काही निर्माण करीत राहावे लागते, अशी खंत आरएमने व्यक्त केली. दुसऱ्याच दिवशी हाइबच्या समभागाचे मूल्य सुमारे पाव हिश्शाने कोसळले. सात तरुणांनी उसंत मागितली आणि बाजाराने त्याचा भाव एका दिवसात मांडून दाखविला.

सैनिकी सेवेचा प्रश्न

उत्तर कोरियाशी १९५३ मध्ये शस्त्रसंधी झाला, शांतता करार नव्हे. त्यामुळे दक्षिण कोरियात प्रत्येक सुदृढ पुरुषाला साधारण दीड वर्ष सैनिकी सेवा करावी लागते आणि ती सामान्यतः वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत सुरू करणे बंधनकारक असते. १९७३ पासून कायद्यात एक अपवाद आहे. ऑलिम्पिक पदक वा आशियाई सुवर्णपदक मिळविणारे खेळाडू आणि ठराविक स्पर्धांत यश मिळविणारे अभिजात संगीतकार व नर्तक यांना काही आठवड्यांचे प्राथमिक प्रशिक्षण घेऊन आपल्याच क्षेत्रात राहून समाजसेवा करता येते. लोकप्रिय संगीताला या यादीत स्थान नव्हते. पियानोच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेतील विजेत्याला सवलत मिळते, मग बिलबोर्डवर अग्रस्थान मिळविणाऱ्याला का नाही, असा सवाल २०१८ पासून संसदेत विचारला जाऊ लागला.

प्रश्न दिसतो तितका सोपा नव्हता. घटत्या जन्मदरामुळे सैन्याला मिळणारे तरुण दरवर्षी कमी होत आहेत. श्रीमंत आणि वजनदार घराण्यांची मुले पळवाटा शोधतात, ही सामान्य कोरियन कुटुंबाची जुनी व्यथा आहे. यू सुंग-जुन या लोकप्रिय गायकाने २००२ मध्ये सेवेपूर्वी अमेरिकी नागरिकत्व घेतले, तेव्हा त्याला देशात प्रवेशबंदी झाली आणि तो रोष दोन दशकांनंतरही ओसरला नाही. अशा समाजात सवलतीचा स्वीकार हा सन्मान ठरण्याऐवजी कलंक ठरण्याचा धोका होता. डिसेंबर २०२० मध्ये संसदेने मधला मार्ग काढला. शासकीय सन्मान मिळालेल्या लोकप्रिय कलावंतांना सेवा तिसाव्या वर्षापर्यंत लांबणीवर टाकण्याची मुभा मिळाली, माफी नव्हे.

ही मुभा जिनच्या बाबतीत २०२२ च्या अखेरीस संपत होती. १५ ऑक्टोबर २०२२ रोजी बुसान येथे समूहाचा एकत्रित कार्यक्रम झाला आणि दोनच दिवसांनी कंपनीने सातही जण सेवेत जाणार असल्याचे जाहीर केले. १३ डिसेंबर २०२२ रोजी जिन सैन्यात दाखल झाला. एप्रिल २०२३ मध्ये जे-होप, सप्टेंबरमध्ये शुगा (समाजसेवा कर्मचारी म्हणून) आणि डिसेंबरमध्ये उरलेले चौघे गेले. त्याआधी सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वांनी कंपनीशी करार पुन्हा वाढविल्याचे जाहीर झाले होते.

विराम आणि पुनरागमन

या विरामात प्रत्येकाचा स्वतंत्र आवाज ऐकू आला. जे-होपने जुलै २०२२ मध्ये शिकागोच्या लोलापलूझा महोत्सवात मुख्य रंगमंचाचा समारोप केला. जंगकूकने त्या वर्षी कतार येथील विश्वचषक फुटबॉल स्पर्धेच्या उद्घाटनात गायन केले. २०२३ मध्ये जिमिनचे ‘लाइक क्रेझी’ आणि जंगकूकचे ‘सेव्हन’ ही एकल गीते ‘हॉट १००’ यादीत पहिली आली. आरएम, व्ही आणि शुगा यांनीही स्वतंत्र अल्बम काढले. सारेच सुरळीत घडले असे नाही. २०२४ मध्ये शुगाला मद्यप्राशन करून विजेवर चालणारी स्कूटर चालविल्याबद्दल दंड झाला आणि त्याने चाहत्यांची क्षमा मागितली.

१२ जून २०२४ रोजी जिन सेवेतून परतला. पुढच्याच महिन्यात पॅरिस ऑलिम्पिकची ज्योत हाती घेऊन तो लूव्र संग्रहालयापाशी धावला. ऑक्टोबरमध्ये जे-होप मोकळा झाला. १० आणि ११ जून २०२५ रोजी आरएम, व्ही, जिमिन आणि जंगकूक परतले, तर २१ जूनला शुगाची सेवा संपली. जुलैच्या पहिल्याच दिवशी सातही जण एकत्र दिसले आणि २०२६ च्या वसंत ऋतूत नवा अल्बम व त्यापाठोपाठ जागतिक दौरा होईल, असे त्यांनी सांगितले.

बहुतेक मुलांचे बँड पाच-सात वर्षांत ओसरतात. मुले मोठी होतात, चाहत्या मोठ्या होतात आणि कंपन्या नवे चेहरे शोधतात. बीटीएसने कंपनीचा करार दोनदा स्वेच्छेने वाढविला, राष्ट्राची सेवा सवलत न घेता पुरी केली आणि या दोहोंच्या मध्ये, थांबायचे की पुढे जायचे, याचा निर्णय आपापसांत बसून घेतला. एका खोलीत दाटीवाटीने झोपणारी ती सात मुले आता तिशीच्या आसपासचे पुरुष झाली आहेत. सातवा अजून सोबत आहे, एकही जण गळालेला नाही, हाच त्यांच्या कारकिर्दीतील कोणत्याही क्रमांकाहून दुर्मीळ विक्रम म्हणावा लागेल.